बेळगावच्या मांडवात घारापुरी

अक्षय तृतीयेच्या आधीपासूनच आमच्या पडवीतल्या हौदात माती भिजत पडलेली असते. वर ओलं तरट, आणि घरभर शाडूचा तो गार वास. यंदा एप्रिलात त्या हौदाच्या कट्ट्यावर मंडळाची पोरं येऊन बसली. "वहिनी, औंदा देखावा तुम्ही करायचा. एलिफंटाची लेणी."

आत खाटेवरून मामंजी म्हणाले, "घारापुरी म्हणा की. हत्ती कवाच गेला तिथनं, त्याचं नाव कशाला?"

मी खानापूरची. वडील कौलांच्या भट्टीवर कामाला होते, त्यामुळं मातीशी ओळख लहानपणापासूनची. लग्न होऊन बेळगावात आले त्याला बावीस वर्षं झाली. सासरी तीन पिढ्या गणपती घडवतात. माझ्याकडं आखणी आली, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम. अंगाचा रंग झाला, दागिने झाले, तरी आखणी होईपर्यंत ती माती असते. बुबुळाचा काळा ठिपका पडला की मूर्ती आपल्याकडं बघायला लागते. त्या दिवशी मी उपास धरते, अजूनही.

देखावा मात्र कधी केला नव्हता. मंडळाच्या बैठकीत एका काकांनी विचारलंच, "बदामी हाय की आपल्या दारात. मुंबईचं कशाला आणायचं हितं?"

प्रश्न रास्त होता. उत्तर सापडलं ते आठवीच्या सहलीत. आमच्याकडच्या शाळांची ठरलेली सहल म्हणजे बदामी, ऐहोळे, पट्टदकल. ऐहोळेच्या मेगुती टेकडीवर जैन मंदिर आहे. त्याच्या भिंतीवर रविकीर्ती नावाच्या कवीचा शिलालेख आहे, शके ५५६चा, म्हणजे इ. स. ६३४चा. भाषा संस्कृत, लिपी जुनी कन्नड, विषय बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याचा पराक्रम. उन्हात उभं करून आमच्या सरांनी त्यातल्या एका श्लोकाचा अर्थ सांगितला होता. पुलकेशीनं कोकणच्या मौर्यांना हरवलं आणि शेकडो नौका घेऊन 'पुरी'ला वेढा दिला. त्या नौका मदमत्त हत्तींच्या कळपासारख्या दिसत होत्या. आणि त्या पुरीला कवीनं म्हटलंय 'पश्चिम समुद्राची लक्ष्मी'. ही पुरी म्हणजे घारापुरी, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. काही जण जंजिऱ्याजवळच्या राजपुरीकडं बोट दाखवतात. मी घारापुरीच्या बाजूची आहे.

आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. घारापुरीच्या लेण्यात एक शिलालेख होता. सोळाव्या शतकात बेट पोर्तुगिजांच्या ताब्यात गेलं तेव्हा तो दगड काढून पोर्तुगालला पाठवला गेला आणि पुढं नाहीसा झाला. लेणं कुणी खोदवलं हे कदाचित सांगू शकला असता असा बेटावरचा दगडच गेला. आणि त्या बंदराच्या वैभवाची एक ओळ शिल्लक राहिली ती इकडं, मलप्रभेच्या खोऱ्यात, आपल्या माणसांनी सहलीला जाऊन हात लावलेल्या भिंतीवर.

हे मी बैठकीत सांगितलं. काका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग ती ओळ मांडवात मोठ्या अक्षरात पाहिजे." तेवढ्यावर ठरलं.

फोटोंवरून मूर्ती करायची नाही, हे मी आधीच सांगून टाकलं होतं. फोटोत खोली कळत नाही. पुतण्याला बरोबर घेऊन चालुक्य एक्स्प्रेसनं निघाले. पुलकेशीच्या घराण्याचंच नाव त्या गाडीला, हे डब्यात चढताना मनात आलं आणि बरं वाटलं. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून मंगळवार आणि बुधवार असे दोन दिवस धरले.

गेटवेवरून लाँचला तासभर लागतो. आम्ही डोंगराकडची माणसं, समुद्र आमच्या रोजच्यातला नाही. नांगर टाकून उभी असलेली मोठी जहाजं मागं पडत गेली, पाणी हिरवट गढूळ होत गेलं, आणि समोर दोन टेकड्यांचं बेट वर येत गेलं, मधे खोल घळ. मी पुतण्याला म्हटलं, शंभर नौका या पाण्यात उभ्या असतील तर काठावरनं काय दिसलं असेल? तो म्हणाला, "हत्तीच दिसले असणार की, काकू." ओहोटी होती. काठाला चिखलातून खारफुटीची मुळं बोटं वर काढावीत तशी उभी होती, त्यांच्यामधून पांढरे बगळे. वर घारी फिरत होत्या. धक्का लांबच लांब आहे, त्यावर छोटी आगगाडी चालते. मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूला ताडपत्रीखाली दुकानं, हातातली पिशवी ओढणारी माकडं. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं आहेत. समुद्राच्या तळातून केबल टाकून तिथं कायमची वीज आली ती २०१८ साली, मुंबईचे दिवे रोज रात्री समोर दिसत असताना. चहा घेताना हे ऐकलं आणि पेला हातातच राहिला.

पायऱ्या संपल्या की ताड, चिंच, करंज, आंबा यांची दाट सावली लागते आणि त्या सावलीतच लेण्याचं तोंड उघडतं. उत्तरेकडं. उन्हातून आत गेल्यावर पहिल्यांदा काहीच दिसत नाही. खांब दिसतात, तेही हळूहळू. खालून चौकोनी, वर गोल, आणि माथ्यावर दाबलेल्या उशीसारखा कळ्या पाडलेला गोल घडा. वरच्या डोंगराचं सगळं वजन त्या उशीवर आलंय आणि ती दबलीय, असं वाटतं. दगडाला मऊ दाखवणं ही साधी गोष्ट नाही. आम्ही मातीवाले मऊ वस्तूपासूनच सुरुवात करतो. तिथं कुणीतरी काळ्या कातळातून मऊपणा काढला होता.

बदामीचा दगड तांबडा, थरांचा, वाळूचा. हा दगड लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला. लांबून काळा दिसतो. जवळ जाऊन पाहिलं तर तपकिरी, राखाडी, मधेच शेवाळी, कुठं पिवळसर डाग, कुठं पांढरी शीर. रंगाच्या वहीत मी नऊ छटा लिहून घेतल्या. त्या पुढं फार उपयोगी पडल्या.

आणि मग समोर, दक्षिणेच्या भिंतीत, सदाशिव.

उंची जवळपास अठरा फूट, आणि तेही नुसतं छातीपर्यंतचं रूप. लोक त्याला त्रिमूर्ती म्हणतात आणि ब्रह्मा, विष्णू, महेश सांगतात, पण तिन्ही तोंडं शिवाचीच आहेत. पाच मुखांचा सदाशिव, त्यातलं मागचं कातळात आणि वरचं न दाखवलेलं. आपल्या डावीकडं अघोर, मिशा, बाकदार नाक, हातात नाग, केसांत कवटी. उजवीकडं वामदेव, चेहरा बाईचा म्हणावा इतका नाजूक, केसांच्या बटा, हातात कमळ. मधे तत्पुरुष. उंच जटामुकुट, डोळे मिटलेले, डाव्या हातात महाळुंग. ते फळ बघून मी चमकलेच. आमच्या कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात तेच. फार लांब आल्यासारखं वाटत होतं, त्या फळानं एकदम घर जवळ आणलं.

मोजमाप घ्यायला हात लावता येत नाही, लावूही नये. आम्ही जुनी पद्धत वापरली. पुतण्याला कठड्याजवळ उभं केलं, त्याची उंची साडेपाच फूट. मी लांबून हात ताठ धरून पेन्सिलीवर अंगठ्यानं त्याचं माप घेतलं आणि त्याच पेन्सिलीनं कपाळ, नाक, हनुवटी, खांदा मोजत गेले. तो मूर्तीपेक्षा पुढं उभा, म्हणून जरा फरक पडतो, तो धरायचा. मग कागदावर चौकटी पाडून एकेक चौकट भरायची. पहिल्या दिवशी सकाळपासून लाँच सुटायच्या वेळेपर्यंत मधला चेहरा आणि अघोर एवढंच झालं.

त्या दिवसात एक गोष्ट ध्यानात आली, फोटोंनी ती कधीच सांगितली नसती. मूर्तीवर ऊन पडत नाही. मंडपाला समोरून आणि दोन्ही बगलांनी उजेड येतो. सकाळी पूर्वेकडच्या अंगणातला उजेड अघोराच्या गालावर होता आणि वामदेव अर्धा सावलीत. दुपार कलली तसा उजेड दुसऱ्या बाजूला गेला, कमळाच्या पाकळ्या उठून आल्या आणि अघोर मागं सरला. मधला चेहरा दोन्ही वेळा तसाच. मी ते तीनदा लिहून ठेवलं, वेळेसकट.

दुसऱ्या दिवशी बाकीचं लेणं बघितलं. चार दारांचा गाभारा, प्रत्येक दाराला उंचपुरे द्वारपाल, आत शिवलिंग. सदाशिवाच्या एका बाजूला अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूला गंगाधर. कैलास हलवणारा रावण, अंधकासुराचा वध, शिवपार्वतीचं लग्न, नटराज, योगी शिव. बहुतेकांचे पाय गुडघ्याखाली गेलेत. पोर्तुगीज शिपायांनी नेमबाजीसाठी मूर्ती वापरल्या, असं सांगतात. लग्नाच्या शिल्पात पार्वतीची मान थोडी खाली आहे आणि शिवाचा हात तिच्या हाताकडं. तुटलेल्या हातांमधूनसुद्धा ते लाजणं कळतं. मी तिथं बराच वेळ बसले. रेघ एकही काढली नाही.

लेणं कुणाचं, यावर विद्वानांचा कल कलचुरी राजघराण्याकडं आहे. सहाव्या शतकाच्या मध्याचा काळ, राजा कृष्णराज, त्याची तांब्याची नाणी या बेटावर मोठ्या संख्येनं सापडलीत. आपल्या बदामीच्या तिसऱ्या लेण्यात शके ५००चा, म्हणजे इ. स. ५७८चा, चालुक्य मंगलेशाचा लेख आहे, आणि याच मंगलेशानं पुढं कलचुरींच्या बुद्धराजाचा पराभव केला. म्हणजे इकडचे आणि तिकडचे राजे एकमेकांशी लढत होते, आणि थोड्याच वर्षांच्या अंतरानं दोघांकडचे कारागीर कातळातून देव काढत होते. त्या कारागिरांपैकी एकाचं तरी नाव कळावं, असं मला फार वाटतं.

परतीच्या दिवशी भायखळ्याला गेलो. मामंजींचा हत्ती बघायला. पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं ते बंदराजवळ उभ्या असलेल्या दगडी हत्तीवरून. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणून पुढं कधीतरी जोडले. आता तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात झाडाखाली उभा आहे. सांधे उघड दिसतात. जोडणाऱ्यानं ते लपवायला बघितलं नाही, आणि मला वाटतं बरंच केलं. तुटलेलं तुटलेलं दिसावं.

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. मांडवाची उंची बघून मूर्ती निम्म्या मापाची, नऊ फुटांची ठरली. पीओपी नको, हे सगळ्यांनाच मान्य होतं. बांबूचा सांगाडा, त्यावर सुतळीनं घट्ट आवळलेलं तरट, त्यावर कागदाचा लगदा आणि खळ, आणि वरचं कातडं तेवढं शाडूचं, काथ्या मिसळून. आमच्या घरचे गणपती एकीकडं चालूच होते, त्यामुळं हे काम रात्री. जून आला, पाऊस लागला. बेळगावचा पाऊस म्हणजे माती वाळायचं नाव नाही. आधी चार दिवस काहीच सुकेना, मग एक दिवस उघडीप मिळाली आणि अघोराच्या कपाळापासून गळ्यापर्यंत भेग गेली. खालचा लगदा ओला आणि वरचं कातडं कोरडं झालं की हे होतंच. मला घाई झाली होती. सगळं कातडं खरवडून काढलं, लगदा शेगडीच्या धगीवर चार रात्री सुकवला आणि पुन्हा पातळ थर दिले, एकावर एक, प्रत्येकावर ओलं फडकं.

पण अडचण वेगळीच निघाली. मधला चेहरा होईना. मापं बरोबर, ओळंबा लावला तरी नाक सरळ, आणि तरी तो चेहरा रागावलेला दिसायचा. जाऊबाई म्हणाल्या, पापण्या जड झाल्यात. पापण्या सारख्या केल्या. पुतण्या म्हणाला, भुवया. भुवयाही केल्या. पंधरा दिवस मी डोळ्यांभोवतीच फिरत होते, कारण डोळे माझ्या हातचे.

मामंजींना दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू, नीट दिसत नाही. एका रात्री काठी टेकत आले, चेहऱ्यावरून तळवा फिरवला आणि ओठांपाशी थांबले. "हे काय केलीस? तोंड दाबून धरलंय त्यानं."

मग म्हणाले, "तुझी चूक न्हाई. गणपतीला सोंड असती. ओठ केलेस कवा तू?"

मी हातातली कोरणी खाली ठेवली. बावीस वर्षं देव घडवले आणि ओठ एकदाही केले नव्हते. गौरीचे मुखवटे आमच्याकडं साच्यातून पडतात. देवाचा जीव डोळ्यांत असतो हे मी धरूनच चालले होते, आणि हा देव डोळे मिटून बसलेला. त्याचं सगळं बोलणं खाली होतं. बेटावरची वही काढली. खालचा ओठ जाड, भरलेला, मधोमध किंचित दबलेला, आणि कोपरे आत वळून गालाच्या सावलीत नाहीसे होणारे. हसू नाही, पण हसू येऊन गेल्यावर चेहरा जसा सैल राहतो तसा. काढलं होतं मी ते, बघितलं नव्हतं.

मामंजींनी एक जुनी फळी दिली. "हिच्यावर नुसते ओठ कर. रोज एक."

जुलैभर तेच केलं. गणपतीचं काम आवरून रात्री अकराच्या पुढं, एक जोडी ओठ. पहिले आठवडाभर कडक. मग एकदम ढिले, झोपलेल्या माणसासारखे. ध्यानातले ओठ आणि झोपेतले ओठ यांत फरक असतो. झोपेत जबडा सुटतो, ध्यानात तो धरलेला असतो खरं जोर नसतो. कोपरा अंगठ्यानं दाबायचा का कोरणीनं, यात तीन रात्री गेल्या. शेवटी अंगठ्यानंच दाबायचा, आणि दाब काढून घेताना बोट किंचित बाहेर ओढायचं, हे हाताला सापडलं. फळीवर चौदा जोड्या झाल्या तेव्हा मामंजी बसले, डोळे मिटले आणि एकेकावरून अंगठा फिरवत गेले. अकराव्यावर थांबले. परत मागं गेले, परत अकराव्यावर आले.

"ह्यो."

अकरावा ओठ दुप्पट तिप्पट करत चेहऱ्यावर चढवला. पापण्यांना मग हातच लावावा लागला नाही. राग गेला होता.

रंगाला वहीतल्या नऊ छटा होत्याच. काव, काजळी, पिवळी माती, थोडा हिरवा, चुन्याची निवळी, सगळं डिंकाच्या पाण्यात. मंडळातल्या पोरांना चकाकी हवी होती, समोरून दोन मोठे फोकस हवे होते. त्यावर मात्र मी अडून बसले. समोरून झोत मारला की नऊ फुटांची मूर्ती पुठ्ठ्यासारखी सपाट होते. दोन दिवे डावीकडं, दोन उजवीकडं, कापडाआड लपवून, आणि पाच मिनिटांत एका बाजूचा उजेड कमी होत दुसऱ्या बाजूचा वाढेल अशी सोय एका वायरमन पोरानं करून दिली. सकाळपासून संध्याकाळपर्यंतचं लेणं पाच मिनिटांत. पहिल्या रात्री चाचणी घेतली तेव्हा अघोर मागं सरला, वामदेवाच्या बटा उजेडात आल्या आणि मधला तसाच राहिला. पोरं बोलायची थांबली. चकाकीचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

मूर्तीच्या अलीकडं, लोक रांगेत जिथं थांबतात तिथं, तांबड्या दगडाच्या रंगाची भिंत केली. तीवर ऐहोळेच्या लेखातली ती ओळ, मूळ संस्कृतात, खाली मराठीत आणि कन्नडात. अक्षरं काकांनी स्वतः लिहिली, तीन दिवस शिडीवर चढून. त्यांना वाटत होतं लोक पुढं पळतील, भिंत कोण वाचणार. पण रांग तिथंच अडायला लागली. धारवाडकडून आलेला एक माणूस आपल्या मुलीला कन्नडातून वाचून दाखवत होता, आणि त्याच्या मागची वडगावची बाई तेच आपल्या नातवाला मराठीतून. हत्तींपाशी दोन्ही पोरं एकदमच वर बघायला लागली.

पाचव्या रात्री, गर्दी ओसरल्यावर, मामंजींना खुर्चीतून आणलं. दिव्यांचा खेळ त्यांना दिसला नसणार. ते म्हणाले, जवळ न्या. हात वर करून त्यांनी खालच्या ओठावर अंगठा टेकवला, आणि विचारलं, "तिथला असाच गार हाय का?"

मी म्हटलं, "तिथं हात लावू देत नाहीत, मामा."

"बरोबर हाय," म्हणाले, आणि हात काढला.

अनंत चतुर्दशीनंतर मूर्ती उतरवली. शाडू सुटा करून हौदात टाकला, बांबू मंडळाच्या खोलीत गेले. काकांची भिंत मंडळानं ठेवून घेतलीय, खानापूरच्या एका शाळेला ती पाहिजे आहे. ओठांची फळी मीच हौदात बुडवायला निघाले होते, तर मामंजींनी ती हातातून काढून घेतली. आता ती हौदाच्या वरच्या कोनाड्यात आहे. येताजाता ते तीवरून हात फिरवतात. परवा मला हाक मारून म्हणाले, सातवाही वाईट नव्हता.